सिस्टरना ‘ठीक आहे’ सांगून काय होणार?

पत्र असं आलंय:

“ताई, माझ्या आईला (वय ६१) ब्रेस्ट कॅन्सर आहे. दर तीन आठवड्यांनी केमो, दोन झाल्या, तिसरी पुढच्या बुधवारी. डॉक्टरांसमोर जेमतेम दहा मिनिटं मिळतात, आत गेलं की माझं डोकं बंद पडतं आणि बाहेर आल्यावर सगळे प्रश्न आठवतात. डॉक्टर म्हणतात बाकीचं सिस्टरना विचारा. पण सिस्टर दर वेळी तेच तेच विचारतात, उलट्या किती, पोट साफ होतं का, मुंग्या येतात का, आणि आई सगळ्याला एकच उत्तर देते, ‘ठीक आहे’. घरी मात्र तीन-तीन दिवस उठत नाही. मागच्या वेळी मी मध्ये बोलले तर आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. एकदा फोन केला तर सिस्टर इतक्या तुटकपणे बोलल्या की आता फोन करायलाच नको वाटतं. शेवटी औषध तर डॉक्टरच ठरवणार ना, मग सिस्टरना एवढं सगळं सांगून उपयोग काय? – एक मुलगी”

अगं, तुझ्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते कारण बाकीचं सगळं त्याच्यातच अडकलंय. औषध डॉक्टर ठरवतात हे बरोबर, पण कशावरून ठरवतात? रक्ताचा रिपोर्ट, आईचं वजन, तपासणी आणि सिस्टरनी फाईलमध्ये काय लिहिलंय ते. त्या दहा मिनिटांतली दोन-तीन तर फाईल चाळण्यातच जातात. तिथे ‘तक्रार नाही’ असं लिहिलेलं असेल तर डॉक्टर काय करणार, तोच डोस, त्याच गोळ्या, पुढची तारीख. म्हणजे आई ‘ठीक आहे’ म्हणते तेव्हा सिस्टरचा मान राखते असं तिला वाटत असेल, पण प्रत्यक्षात ती डॉक्टरांना चुकीचा रिपोर्ट देते, एवढं साधं आहे ते.

आता ते तेच तेच प्रश्न. मलाही आधी वाटायचं, या बाई कॅसेट लावल्यासारखं विचारतात, ऐकतात तरी का. नंतर कळलं की त्या उत्तरांना ग्रेड असतात आणि कॅन्सरच्या उपचारात जगभर साधारण एकच मोजपट्टी वापरतात. जुलाबाचंच घे. रोजच्यापेक्षा एक ते तीन वेळा जास्त जावं लागलं तर ग्रेड १, चार ते सहा वेळा जास्त असेल तर ग्रेड २, सात किंवा त्याहून जास्त झालं की ग्रेड ३. पहिल्या ग्रेडला बरेचदा गोळी आणि पाणी यावर भागतं, तिसऱ्याला सलाईन लावायचं का, ॲडमिट करायचं का, पुढची केमो आठवडाभर लांबवायची का, डोस उतरवायचा का, हे सगळं बघावं लागतं. आणि तू काय सांगतेस? ‘थोडे जुलाब झाले.’ थोडे म्हणजे किती गं? सिस्टरना तो आकडा हवा असतो आणि तो तुझ्याशिवाय किंवा आईशिवाय कुणाकडेच नसतो, रक्ताच्या रिपोर्टमध्ये तो येत नाही.

माझ्या सासऱ्यांचं सांगते. त्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता आणि केमोत ऑक्सॅलिप्लॅटिन नावाचं औषध होतं, ज्याने हातापायांच्या नसांवर परिणाम होतो, गार वस्तूला हात लावला की झिणझिण्या, मग हळूहळू बोटं बधिर. सासरे कडक माणूस, ‘कसं वाटतंय काका’ विचारलं की ‘एकदम ठणठणीत’. सहाव्या की सातव्या सायकलला, म्हणजे केमोच्या फेरीला, एक जुन्या सिस्टर होत्या, त्यांनी ते ठणठणीत नीट ऐकून घेतलं, काही बोलल्या नाहीत. बीपी बघायचं म्हणून त्यांच्या फुल शर्टाच्या मनगटाचं बटण स्वतःच काढलं, बाही वर केली, बीपी घेतलं, बाही खाली केली आणि म्हणाल्या, काका, बटण लावून घ्या. आणि तिथेच उभ्या राहिल्या. सासऱ्यांनी बटण धरलं, सुटलं. परत धरलं, काजाच्या कडेला नुसतं घासत राहिलं, आत जाईना. मी सवयीने पुढे झाले तर सिस्टरनी मला हातानेच थांब म्हटलं. असं बहुतेक मिनिटभर चाललं असेल, मला अर्धा तास वाटला. शेवटी ते खाली बघत म्हणाले, ‘पंधरा दिवस झाले, हीच लावते.’ ही म्हणजे माझ्या सासूबाई. एका घरात राहून मला माहीत नव्हतं. सिस्टरनी मग शांतपणे एकेक विचारलं, जिना उतरताना पाय पायरीवर टेकलेला कळतो का, चप्पल पायातून निसटली तर समजतं का, पेन धरता येतं का. सगळ्याची उत्तरं नाही, नाही, नाही. त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, त्या दिवशी ते एक औषध थांबवलं आणि बाकीची केमो चालू राहिली.

नंतर गाडीत सासरे काय म्हणाले माहितीये? म्हणाले, मला वाटलं सांगितलं तर सगळंच बंद करतील आणि मग माझं काही खरं नाही.

तुझ्या आईच्या मनातही हेच असणार असं मी पैजेवर सांगते. त्रास सांगितला तर डोस कमी होईल, डोस कमी झाला तर कॅन्सर परत येईल, म्हणून दात आवळून सहन करायचं. बऱ्याच पेशंटच्या डोक्यात हे गणित असतं आणि कुणी ते मोठ्याने बोलत नाही म्हणून कुणी ते चुकीचं आहे असं सांगतही नाही. बहुतेक त्रासांवर डोसला हात न लावता उपाय असतो, उलटीची गोळी बदलतात, वेळ बदलतात, दुसरी जोडीला देतात. आणि डोस कमी करायची वेळ आलीच तर तेही ठरलेल्या नियमाने करतात, मनाला येईल तसं नाही. न सांगितल्याने मात्र नुकसान होतं, सासऱ्यांच्या बोटांचा बधिरपणा औषध थांबवल्यावरही काही महिने राहिला, मधे थोडा वाढलाही, आणि मला अजून वाटतं दोन सायकल आधी कुणीतरी तोंड उघडलं असतं तर एवढं झालं नसतं. तेव्हा आईला हे तू समजावू नकोस, तुझं ती ऐकणार नाही. तिच्यासमोरच सिस्टरना विचार आणि त्यांनाच म्हणू दे, ‘त्रास सांगितला म्हणून केमो बंद होत नाही हां आई.’

आता मी जे सांगणार आहे ते कंटाळवाणं आहे पण सगळ्यात कामाचं. एक वही कर. मोबाईलमध्ये नको, मोबाईल ऐन वेळी लॉक असतो नाहीतर चार्जिंग नसतं. केमोचा दिवस म्हणजे दिवस १, तिथून पुढे आकडे टाकत जा, तारखेपेक्षा हा आकडा महत्त्वाचा कारण त्रास सायकलच्या हिशोबाने येतात. रोज दोन ओळी, त्याहून जास्त लिहायला गेलीस तर चौथ्या दिवशी वही बंद पडेल. ‘दिवस ३, उलटी २ वेळा, उलटीची गोळी सकाळी घेतली रात्रीची विसरली, दिवसभर झोपून. दिवस ५, चार दिवस पोट साफ नाही. दिवस ८, तोंड आलंय, पाणी पितानाही झोंबतं.’ बस. दोन सायकलची अशी वही सिस्टरच्या हातात दिलीस ना तर त्यांना एका नजरेत कळतं की मळमळ तिसऱ्या दिवशी वाढते, म्हणजे गोळी त्याच्या आधीपासून द्यायला हवी, आणि पोट साफ न होण्याचं कारण कदाचित ती उलटीची गोळीच आहे, कारण ऑन्डॅनसेट्रॉनसारख्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं, हे त्यांना पाठ असतं आणि आपण घरी पाच दिवस डोकं खाजवत बसतो. ‘तीन दिवस उठत नाही’ हे तू मला लिहिलंस ना, ते वहीत लिही, शब्दशः.

यावर मोठा अभ्यासही झालाय म्हणून सांगते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमध्ये केमो घेणाऱ्या ७६६ पेशंटना दोन गटांत वाटलं, सगळ्यांचा कॅन्सर पसरलेला होता. एका गटाचे उपचार नेहमीसारखे, दुसऱ्या गटाने केमोत नेहमी होणारे १२ त्रास कॉम्प्युटरवर स्वतः नोंदवायचे आणि त्रास वाढला की सिस्टरना आपोआप ईमेल जायचा. २०१७ साली निकाल आला, स्वतः नोंदवणाऱ्या गटातले निम्मे पेशंट ३१ महिन्यांहून थोडं जास्त जगले, दुसऱ्या गटातले निम्मे २६ महिन्यांहून. नवीन औषध काही दिलं नव्हतं, फक्त त्रास वेळेवर कळत होता. आईचा आजार त्या टप्प्यावर आहे की नाही हे मला तुझ्या पत्रावरून माहीत नाही आणि हे आकडे तिला लावायचेही नाहीत, पण ‘सिस्टरना सांगून उपयोग काय’ याचं उत्तर यात आहे.

अपॉइंटमेंटचं. तुझं डोकं बंद पडतं त्यात तुझी काही चूक नाही, सगळ्यांचंच पडतं. २००३ साली एका डच संशोधकाने जुने अभ्यास चाळून लिहिलं होतं की डॉक्टरांनी सांगितलेल्यातलं ४० ते ८० टक्के पेशंट तिथल्या तिथेच विसरतात आणि जे लक्षात राहतं त्यातलंही जवळपास निम्मं चुकीचं असतं. घाबरलेला माणूस पहिलं वाक्य ऐकतो आणि तिथेच अडकतो. म्हणून प्रश्न घरून लिहून न्यायचे, हे सगळेच सांगतात, पण खरी गोम अशी की वीस प्रश्न लिहून नेलेस तरी तीनच विचारून होतात आणि ते नेमके फालतू निघतात. तेव्हा आदल्या दिवशी यादीतले तीन निवड, आणि आत शिरल्या शिरल्या, डॉक्टर बोलायला लागायच्या आधी सांग, ‘माझे तीन प्रश्न आहेत.’ मग ते स्वतःच वेळ ठेवतात. बाकीचे सिस्टरसाठी. कुठला प्रश्न कुणाचा हे कळत नसेल तर यादीच सिस्टरना दाखव, यातले डॉक्टरांना कुठले विचारू म्हणून, त्या दोन मिनिटांत खुणा करून देतील, काहींची उत्तरं तिथेच मिळतील. साधारण असं, हे उपचार बरं करण्यासाठी चाललेत की आजार आटोक्यात ठेवण्यासाठी, किती सायकल, मधे तपासणी कधी, उपयोग होत नाहीये हे कशावरून समजणार, ऑपरेशन किंवा रेडिएशन कधी, हे डॉक्टरांचे. कुठला त्रास कितव्या दिवशी येऊ शकतो, कुठली गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची, तोंड आलं तर कशाने चूळ भरायची, दात काढायचा असेल तर चालेल का, लस घ्यायची का, रात्री काही झालं तर कुणाला फोन, हे सिस्टरना विचार. त्यांना जे सांगता येणार नाही ते त्या स्वतःच डॉक्टरांकडे नेतात.

आणि ऐकणारा एक, लिहिणारा एक अशी दोन माणसं असली तर फार बरं. तू एकटीच असशील तर रेकॉर्ड करू का असं विचार, पण विचारून हां, चोरून नको. उठायच्या आधी एकदा स्वतःच्या शब्दांत म्हणून दाखव, ‘म्हणजे ही गोळी तीन दिवस रोज आणि ती फक्त मळमळलं तरच, बरोबर ना?’ माझ्या अनुभवात तीनातल्या एका वेळी तरी ‘नाही नाही, उलटं’ असं उत्तर येतं. औषधं तोंडी सांगत बसू नकोस, घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून ने, बीपीच्या, शुगरच्या, झोपेच्या, कुणा नातेवाइकाने आणून दिलेलं चूर्ण, व्हिटॅमिनच्या बाटल्या, सगळं. त्या चूर्णाबद्दल कुणी सांगत नाही कारण ओरडतील अशी भीती. ओरडू देत, काही गोष्टी केमोच्या औषधाचा परिणाम वाढवतात किंवा कमी करतात आणि ते फक्त बाटली बघूनच कळतं.

सिस्टर तुटक बोलल्या त्याबद्दल. मी तिथे नव्हते, कदाचित त्या खरंच उद्धट असतील, अशा असतात. पण डे केअरमध्ये, म्हणजे केमो देतात त्या वॉर्डात, सकाळी काय चालतं ते बघितलंस का कधी? एकेक सिस्टर चार-पाच खुर्च्या सांभाळत असते, औषधाची पिशवी लावायच्या आधी दोघी मिळून नाव, औषध, डोस ताडून बघतात, आणि नेमका तेव्हा फोन वाजतो. तेव्हा पुढच्या बुधवारी गेल्यावर आधी एवढं विचार, ‘तातडीचं नसेल तर कुठल्या वेळेला फोन करू? तातडीचं असेल तर कुठला नंबर? रात्री आणि सुट्टीच्या दिवशी कोण उचलतं?’ ही तीन उत्तरं वहीच्या पुठ्ठ्यावर आतून लिही. फोनवर पहिल्या वाक्यात नाव, फाईल नंबर, कुठली केमो, आज कितवा दिवस, आणि मग काय होतंय. ‘हॅलो सिस्टर, आईला ना बरं वाटत नाहीये’ याने सुरुवात केलीस तर समोरचीला दहा प्रश्न विचारावे लागतात आणि आवाज चढतो. एवढं करूनही कुणी नीट बोललं नाही तर हेड सिस्टरना भेट, भांडायला नको, नुसतं सांग. पण एका तुटक फोनमुळे फोनच करायचा नाही असं ठरवू नकोस, कारण एक गोष्ट अशी आहे जिला फोन लागतोच.

ती म्हणजे ताप. केमोनंतर रक्तातल्या, इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी उतरतात, बऱ्याच औषधांत साधारण ७ ते १४ दिवसांच्या मधे सगळ्यात कमी असतात, आणि त्या वेळी आलेला ताप हा साधा ताप नसतो. १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सियस, एवढा झाला किंवा याच्या वर गेला की रात्रीचे दोन वाजलेले असोत, लगेच फोन आणि ते सांगतील तिथे जायचं, तुमच्या सिस्टरनी याहून कमी आकडा सांगितला असेल तर तो धरायचा. आधी तापाची गोळी देऊन बघू असं करायचं नाही, गोळीने आकडा उतरतो, आतलं इन्फेक्शन तसंच राहतं आणि वेळ जातो. थंडी वाजून कापरं भरलं तर ताप नसला तरी फोन. इमर्जन्सीत पोचल्यावर पहिलं वाक्य ‘केमो चालू आहे, आज अमुकवा दिवस’, म्हणजे बाकावर बसवून ठेवणार नाहीत. थर्मामीटर नसेल तर आजच आण, हाताने कपाळ बघून काही कळत नाही.

अजून एक, खुर्चीत बसलेली असतानाचं. ब्रेस्ट कॅन्सरच्या बऱ्याच केमोत एक लाल औषध असतं, डॉक्सोरुबिसिन, त्याने एक-दोन दिवस लघवी लालसर होते, त्याला घाबरायचं नाही. पण ते शिरेतून जात असताना सुईच्या जागी आग झाली, दुखलं, सूज आली तर त्याच क्षणी सांगायचं, कारण ते शिरेबाहेर गेलं तर कातडी आणि आतलं मांस जाळतं. पोर्ट, म्हणजे औषध द्यायला छातीवर कातडीखाली बसवतात ती डबी, बसवलेला असला तरी हेच. इथे ‘सिस्टर बिझी आहेत, झालं की सांगू’ हा चांगुलपणा महागात पडतो. तुझी आई नेमकी तशीच आहे असं पत्रावरून वाटतं, म्हणून हे तिला तिच्या सिस्टरकडूनच ऐकव.

राहता राहिलं तुमच्या दोघींचं. मागच्या वेळी तू मध्ये बोललीस म्हणून ती रुसली, आणि मला ते पटतं. एकसष्ट वर्षांची बाई, केस गेलेत, अंगावर दुसऱ्यांची सुई, आणि वरून मुलगी परक्यासमोर सांगते की आई खोटं बोलतेय. मी तिच्या जागी असते तर आठवडाभर बोलले नसते. तिच्या पाठीमागे सिस्टरच्या कानात कुजबुजणंही नको, एकदा पकडली गेलीस की वहीसुद्धा ती तुला लिहू देणार नाही. आधीच सांगून टाक, घरी, निवांत असताना, ‘आई, वहीत जे आहे ते मी सिस्टरना दाखवणार आहे, तुला काय काढायचं असेल ते काढ, पण बाकीचं दाखवणार.’ वही तिच्याच हातात दे, जमलं तर तिलाच लिहू दे. बोलायला लाजणारी माणसं लिहायला लाजत नाहीत असं मी बरेचदा बघितलंय, आणि नाही लिहिलं तरी कागद पुढे करणं ‘मला त्रास होतोय’ म्हणण्यापेक्षा सोपं असतं.

शिवाय काही गोष्टी ती तुझ्यासमोर कधीच बोलणार नाही. बाईचा आजार आहे, शरीराचं काही असेल, तुझ्या बाबांच्या संदर्भातलं काही असेल, मरणाची भीती असेल, तुझीच काळजी असेल. तेव्हा बुधवारी वजन-बीपी झालं की सिस्टरना म्हण, ‘मी जरा बाहेर थांबते, आईशी पाच मिनिटं बोलाल का?’ चांगल्या सिस्टरना याहून जास्त सांगावं लागत नाही. तू पाण्याची बाटली भरून आण, बाहेर बाकावर बस, आणि आत काय बोलणं झालं ते परतीच्या वाटेत विचारू नकोस.